जाहिरातीतून गायब झालेलं नाटक, आणि तुमचे बाकीचे प्रश्न

मागच्या अंकात आपण विचारलं होतं की नाटकाला जायचं म्हटलं की तुमचं नेमकं कुठे अडतं, काय कळत नाही, ते लिहून पाठवा. पत्रं आली, मेल आले, दोघातिघांनी तर व्हॉइस मेसेज पाठवले, आणि गंमत म्हणजे बहुतेक सगळे प्रश्न शनिवार-रविवारभोवतीच फिरतायत. कुठलं नाटक सुरू झालं, कुठलं बंद पडलं, कधी बघावं, कळतं कसं. मी स्वतः आठ वर्षं एका नाट्यसंस्थेत काढलीत, आधी तिकीट खिडकीवर बसायचे आणि मग व्यवस्थापनात, त्यामुळे पाहिलेलं सांगते.

प्रश्न (डोंबिवली): ताई, दर शनिवारी सकाळी पेपरातलं नाटकांच्या जाहिरातींचं पान आम्ही दोघं चहाबरोबर वाचतो. एक नवीन नाटक बघायचं ठरवलं होतं. पहिल्या आठवड्यात पाहुणे आले, दुसऱ्या आठवड्यात ह्यांना ताप, तिसऱ्या शनिवारी पान उघडलं तर त्या नाटकाची जाहिरातच नाही. बंद झालं का? आणि झालं असेल तर कुणी सांगत का नाही?

उत्तर: तुमचं पत्र वाचून आधी वाईट वाटलं, कारण असं पान मीही बऱ्याचदा उघडलंय, आणि आत काय झालं असेल ते मला माहीत असायचं.

मराठी व्यावसायिक नाटक बंद झालं असं कुणी जाहीर करत नाही, क्वचितच. ते पेपरातून नाहीसं होतं. आधी शुभारंभाची मोठी चौकट येते, कलाकारांचे फोटो, लेखक-दिग्दर्शकाचं नाव, शुक्रवार शनिवार रविवार असे तीन वेगवेगळ्या थिएटरांतले प्रयोग. दुसऱ्या आठवड्यात चौकट थोडी लहान होते. तिसऱ्या आठवड्यात फोटो जातो आणि नुसतं नाव, वार, वेळ उरते. मग एका शनिवारी तेवढंही नसतं.

प्रोड्युसरला विचारलंत तर तो 'बंद केलं' असं म्हणणार नाही, 'थांबवलंय' म्हणेल, आणि तो खोटं बोलत नसतो. त्याला खरंच वाटत असतं की पुढच्या तारखा मिळाल्या, एखादा कंत्राटदार नागपूरला किंवा गोव्याला चार प्रयोग घेऊन गेला, तर गाडी परत रुळावर येईल. आपल्याकडे नाटकाचा रोजचा मुक्काम एका थिएटरात नसतो हे लक्षात घ्या. आज शिवाजी मंदिर, उद्या गडकरी रंगायतन, पुढच्या शनिवारी बालगंधर्व. प्रत्येक प्रयोगाला नेपथ्य टेम्पोत भरायचं, नेऊन लावायचं, प्रयोग झाला की त्याच दिवशी उतरवायचं, कारण त्याच स्टेजवर दुपारी दुसरं नाटक असतं आणि रात्री तिसरं. थिएटरचं भाडं, कलाकारांची नाइट (म्हणजे दर प्रयोगाचं मानधन), बॅकस्टेजवाल्यांचे पैसे, टेम्पो, बस, आणि पेपरातली जाहिरात, हे सगळं दर प्रयोगाला नव्याने द्यावं लागतं, प्रेक्षक सातशे आले काय आणि सत्तर आले काय. दोन-तीन रविवार पडले की प्रोड्युसर स्वतःच्या खिशातून भरत बसतो.

दुसरं म्हणजे तारखा. थिएटरवाले तीन-चार महिन्यांच्या तारखा एकदम वाटतात, आणि शनिवार-रविवार सगळ्यांनाच हवे असतात. नवीन नाटकाला सुरुवातीला संस्थेच्या वाटणीच्या तारखा मिळतात, पण त्या संस्थेचं आधीचं एखादं नाटक जोरात चालत असेल तर साहजिकच चांगल्या तारखा तिकडे वळतात. नव्याच्या वाट्याला मग पावसातला रविवार, किंवा मॅचचा दिवस, किंवा गणपतीच्या आदल्या आठवड्यातली दुपार. त्यात मुख्य नटाला मालिकेचं शूटिंग लागलं की संपलंच.

माझ्या डोळ्यासमोर असा एक रविवार आहे. दुपारचा चारचा प्रयोग, बाहेर धो धो पाऊस, आणि खिडकीवरच्या प्लॅनवर (म्हणजे सीटचा नकाशा असतो ना, विकलेल्या खुर्चीवर पेन्सिलने फुली मारायची तो) मोजून एकाहत्तर फुल्या. कलाकारांनी प्रयोग जीव ओतून केला, ते एकाहत्तर लोक हसले, रडले, उभं राहून टाळ्या वाजवल्या. नाटकात भिंतीवर एक चालू घड्याळ होतं. आमचे प्रॉपर्टी (म्हणजे नाटकात लागणाऱ्या वस्तू) बघणारे काका दर प्रयोगानंतर ते तसंच कापडात गुंडाळून पेटीत ठेवायचे, त्या दिवशी त्यांनी मागचं झाकण उघडून सेल काढला आणि वरच्या खिशात टाकला. मी बघत होते. ते म्हणाले, 'पुढची तारीख लागली की सांगा ताई, टाकतो परत.' कुणी काही जाहीर केलं नव्हतं, मुख्य नटीला तर चार दिवसांनी कळलं, पण काकांना त्या दिवशीच कळलं होतं. तो सेट सहा महिने गोडाऊनमध्ये पडून होता, मग त्याच्या फ्लॅट्सना, म्हणजे नेपथ्यातल्या सुट्या भिंतींना, दुसरा रंग मारून त्या दुसऱ्या नाटकाला वापरल्या.

तर तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर असं की एका आठवड्यात जाहिरात नाही म्हणजे बंदच असं नाही, नाटक दौऱ्यावर असू शकतं, एखाद्या कलाकाराची तब्येत असू शकते. सलग तीन शनिवार-रविवार नाही दिसलं तर मात्र थांबलंय समजा. जुन्या जाहिरातीत बहुतेक वेळा फोन नंबर असतो, त्यावर खुशाल फोन करा, विचारा 'पुढचा प्रयोग कधी'. असे फोन आले की व्यवस्थापक ते प्रोड्युसरला सांगतोच. मी सांगायचे. 'आज चार फोन आले' हे वाक्य ऐकून प्रोड्युसरने अजून एक तारीख घेऊन बघितल्याचं मी पाहिलंय.

प्रश्न (पुणे, कोथरूड): शुभारंभाचा प्रयोग बघावा की थोडं थांबावं? मित्र म्हणतात पहिला प्रयोग कच्चा असतो, वीस-पंचवीस प्रयोग झाले की जा. खरंय का?

उत्तर: कच्चा असतो हे खरं आहे. रंगीत तालीम कितीही केली तरी नटाला प्रेक्षक कुठे हसणार ते माहीत नसतं, मग हशा येतो आणि पुढचं वाक्य त्यात बुडतं, किंवा हशा येईल म्हणून थांबतो आणि कुणीच हसत नाही. प्रकाशयोजनेची माणसं अजून कागद बघून बटणं दाबत असतात. नाटक लांबतं, आणि पहिल्या चार-पाच प्रयोगांनंतर दिग्दर्शक त्यातली दहा-पंधरा मिनिटं कापतो. प्रयोग 'बसतो' म्हणतात तो साधारण दहाव्या-बाराव्या प्रयोगाच्या आसपास.

पण शुभारंभाला जे असतं ते नंतर मिळत नाही. सकाळपासून थिएटरात सगळे असतात, लेखक मागच्या रांगेत नखं कुरतडत बसलेला असतो, पडद्यामागे नटराजाची पूजा, नारळ, उदबत्तीचा वास पहिल्या चार रांगांपर्यंत येतो. तिसरी घंटा झाली की विंगेत जी शांतता होते ती मी वर्णन करून सांगू शकणार नाही. ते बघायची आवड असेल तर शुभारंभाला जरूर जा, फक्त एक लक्षात ठेवा, त्या दिवशी हॉलमध्ये निम्मे लोक ओळखीचे, निमंत्रित असतात, त्यामुळे टाळ्यांवरून नाटकाचा अंदाज बांधू नका.

मला विचाराल तर दुसऱ्या किंवा तिसऱ्या रविवारी जा. नाटक थोडं बसलेलं असतं, आणि मुख्य म्हणजे तेव्हा तुमच्या तिकिटाला सगळ्यात जास्त किंमत असते, पैशाची नाही म्हणत मी. वर डोंबिवलीच्या ताईंना जे सांगितलं तेच, पहिल्या तीन-चार शनिवार-रविवारांच्या बुकिंगवर पुढच्या तारखा घ्यायच्या की नाही ते ठरतं. पंचविसाव्या प्रयोगाला जाऊ म्हणणारे सगळेच असले तर पंचविसावा प्रयोग होतच नाही, हे मी अगदी तळमळीने सांगते कारण चांगली, खरोखर चांगली नाटकं मी अकराव्या-बाराव्या प्रयोगाला थांबलेली पाहिलीत आणि मग वर्षभर लोक भेटले की म्हणायचे अरे ते बघायचं राहून गेलं, परत कधी आहे.

प्रश्न (नाशिक, कॉलेजची विद्यार्थिनी): थोड्या प्रयोगांत बंद पडलेलं नाटक म्हणजे पडलेलं नाटकच ना? आमच्या ग्रुपमध्ये यावरून जोरदार वाद झालाय.

उत्तर: नाही गं, अजिबात नाही, आणि या वादात मी तुझ्या बाजूला की विरुद्ध ते माहीत नाही पण दोन-तीन गोष्टी सांगते त्या ग्रुपमध्ये सांग.

'घाशीराम कोतवाल'चा पहिला प्रयोग १६ डिसेंबर १९७२ ला पुण्याच्या भरत नाट्य मंदिरात झाला, शनिवार होता तो. विजय तेंडुलकरांचं नाटक, जब्बार पटेल दिग्दर्शक, भास्कर चंदावरकरांचं संगीत. १९ प्रयोग झाले आणि ज्या संस्थेने ते केलं तिनेच थांबवलं, नाना फडणवीसांचं चित्रण आणि ब्राह्मणांची बदनामी यावरून वाद पेटला होता म्हणून. १९ म्हणजे आजच्या हिशोबात दोन महिन्यांचे शनिवार-रविवार. मग नाटक करणारी मुलं त्या संस्थेतून बाहेर पडली, १९७३ मध्ये थिएटर अकादमी काढली, जानेवारी १९७४ मध्ये नाटक परत उभं केलं आणि ते १९८० मध्ये युरोपात जाऊन आलं. १९ व्या प्रयोगानंतर हिशोब केला असता तर काय म्हणाली असतीस?

१९७२ मध्येच 'सखाराम बाइंडर' आलं, कमलाकर सारंगांनी केलेलं, निळू फुले सखाराम आणि लालन सारंग चंपा. १३ प्रयोग झाले आणि सेन्सॉरने अडवलं, सारंग हायकोर्टात गेले आणि प्रयोगाची परवानगी मिळवून आले. प्रेक्षक नाही म्हणून हे थांबलेलं नव्हतं, प्रेक्षक बाहेर उभा होता.

आणि 'वस्त्रहरण'. गंगाराम गवाणकरांचं मालवणी नाटक, मच्छिंद्र कांबळींनी १९८० मध्ये आणलं, आणि सुरुवातीला ते चालत नव्हतं. आज ऐकून खरं वाटत नाही. मग पु. ल. देशपांडे बघायला आले, पोट धरून हसले, आणि कौतुकाचं पत्र लिहिलं. ते पत्र लोकांपर्यंत पोचलं आणि थिएटर भरायला लागलं, ते पाच हजारांच्या वर प्रयोग होईपर्यंत. ह्या नाटकाच्या पहिल्या महिन्यातला एखादा रविवार पाहिलेला माणूस 'पडलं' म्हणूनच घरी गेला असेल.

उलटही होतं बरं का. चांगलं चाललेलं असताना स्वतःहून थांबणं. प्राजक्त देशमुखांचं 'संगीत देवबाभळी' डिसेंबर २०१७ मध्ये सुरू झालं, आवली आणि रखुमाई अशा दोनच बायका स्टेजवर, आणि २०२३ च्या नोव्हेंबरात पाचशेव्या प्रयोगाला षण्मुखानंदमध्ये त्यांनी निरोप घेतला, आधी सांगून, तारीख जाहीर करून. अडीच हजारांवर खुर्च्यांचा हॉल आहे तो. असं सांगून थांबणारं नाटक आपल्याकडे इतकं कमी बघायला मिळतं की मला त्या लोकांचं फार कौतुक वाटतं, प्रेक्षकाला शेवटचं बघायची संधी देणं हाही त्याचा मान राखणंच आहे.

प्रश्न (न्यू जर्सी): आम्ही इथे अधूनमधून ब्रॉडवेला, म्हणजे न्यूयॉर्कच्या व्यावसायिक नाटकांना, जातो. इथे शो बंद होणार असेल तर दोन-दोन महिने आधी कळतं, आणि शेवटचा शो बहुतेक रविवारीच असतो. असं का? आपल्याकडे असं का होत नाही?

उत्तर: तुमच्याकडचा आठवडा सोमवार ते रविवार मोजतात. साधारण आठ शो आठवड्याला, सोमवारी बऱ्याच शोजना सुट्टी, आणि रविवारी गल्ल्याचा हिशोब बंद होतो. भाडं, पगार सगळं आठवड्याच्या मापाने ठरलेलं, त्यामुळे शो संपवायचा तर आठवडा पूर्ण करून रविवारी संपवणं सगळ्यांच्याच सोयीचं. शिवाय तिथे नाटक एकाच थिएटरात ठाण मांडून बसतं, ते हललं की थिएटर दुसऱ्याला द्यायचं असतं, म्हणून तारीख पक्की करून सांगावीच लागते, आणि गल्ला ठरलेल्या आकड्याच्या खाली सलग राहिला तर थिएटरमालक शोला जागा रिकामी करायला सांगू शकतो अशी कलमं करारात असतात.

'फँटम ऑफ द ऑपेरा'चं उदाहरण तुम्ही जवळून पाहिलं असेल. २६ जानेवारी १९८८ ला मॅजेस्टिक थिएटरात सुरू झालं, त्याच थिएटरात पस्तीस वर्षं राहिलं. सप्टेंबर २०२२ मध्ये जाहीर केलं की फेब्रुवारीत बंद करतोय, तर तिकिटांवर लोकांची एवढी झुंबड उडाली की शेवटची तारीख पुढे ढकलावी लागली आणि १६ एप्रिल २०२३ ला, रविवारीच, १३,९८१ वा प्रयोग करून पडदा पडला. म्हणजे 'बंद होतंय' हे सांगितल्यामुळेच दोन महिने आयुष्य वाढलं! हे वाचलं तेव्हा मला आमचा तो एकाहत्तर फुल्यांचा प्लॅन आठवला. आपण आधी सांगितलं असतं, 'शेवटचे तीन प्रयोग' असं छापलं असतं, तर काय माहीत.

आपल्याकडे न सांगण्याचं कारण अर्धं आर्थिक आणि अर्धं मनाचं आहे. नाटक बंद होतंय असा बोभाटा झाला की बाहेरगावचे कंत्राटी प्रयोग रद्द होतील अशी भीती असते, आणि प्रोड्युसरची आशा सुटत नाही ते वर सांगितलंच. पण हळूहळू बदलतंय, 'मोजकेच प्रयोग' असं आधीच छापून नाटक आणायची पद्धत आता बऱ्यापैकी रुळलीय, मला ती फार बरी वाटते.

एक योगायोग तुमच्यासाठी. कोविडमध्ये ब्रॉडवे १२ मार्च २०२० ला बंद झालं आणि आपली थिएटरंही त्याच आठवड्यात बंद पडायला लागली. मधे थोडी निम्म्या खुर्च्यांवर उघडली, दुसऱ्या लाटेत परत बंद. मग महाराष्ट्रातली नाट्यगृहं परत उघडायची तारीख ठरली २२ ऑक्टोबर २०२१, आणि 'फँटम'चा परत पहिला प्रयोग झाला तोही २२ ऑक्टोबर २०२१. तुम्ही तिकडे आणि आम्ही इकडे, एकाच दिवशी मास्क लावून.

प्रश्न (बोरिवली, ज्येष्ठ वाचक): शनिवार-रविवारी गर्दी सोसत नाही. मधल्या वारी प्रयोग का लावत नाहीत? आमच्या तरुणपणी बुधवारी-गुरुवारीही नाटकं असायची.

उत्तर: असायची काका, आणि ऑफिसातून थेट नाटकाला जाणारे लोकही असायचे. आता ऑफिसं अंधेरी, ऐरोली, पवई अशी पसरली, सुटायच्या वेळेचा भरवसा नाही, आणि कलाकार सोमवार ते शुक्रवार मालिकांच्या सेटवर. दोन्हीकडून अडलंय. सुट्टी मधल्या वारी आली की मात्र प्रयोग लागतात, १५ ऑगस्ट, १ मे, दिवाळीचे दिवस. 'सही रे सही'चा शुभारंभ १५ ऑगस्ट २००२ ला झाला तो गुरुवार होता. तुम्हाला गर्दी नको असेल तर शनिवार-रविवारीच सकाळचा अकरा-साडेअकराचा प्रयोग बघत जा, दुपारच्या आणि रात्रीच्या मानाने रस्ते आणि लोकल दोन्ही बरे असतात, आणि जेवायला घरी.

प्रश्न (फोंडा, गोवा): तुम्ही शुभारंभ आणि शेवटचा प्रयोग यावर लिहिणार असं वाचलं. आमच्या गावात दोन्ही एकाच रात्री होतं. त्याबद्दलही लिहा ना.

उत्तर: लिहिते, आनंदाने! ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, गोव्यात गावोगावी देवळाच्या जत्रेला, उत्सवाला गावातलीच माणसं नाटक बसवतात, उत्सवी नाटक म्हणतात. ऐतिहासिक, संगीत, सामाजिक. दुकानदार, मास्तर, बँकेतला क्लार्क, दोन-दोन महिने रोज रात्री तालमी करतात, बाहेरून दिग्दर्शक, पेटीवाला, तबलावाला आणतात, आणि मग देवळासमोरच्या मांडवात एक रात्र प्रयोग होतो, तो संपतो तेव्हा पहाट व्हायला आलेली असते. परत होत नाही, पुढच्या वर्षी दुसरं नाटक.

मी एकदा असं एक नाटक बघितलंय, मैत्रिणीच्या आजोळी. माझ्या शेजारी ज्या आजी बसल्या होत्या त्यांचा नातू संभाजीराजे झाला होता, आणि आजींना त्याची सगळी वाक्यं पाठ, घरी तालमी ऐकून ऐकून. तो एका ठिकाणी अडला, दोन सेकंद असेल, तर आजींनी पुढचा शब्द ओठातल्या ओठात उच्चारला आणि त्याला आठवलं तेव्हा माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. तिकडे बुकिंग नाही, प्लॅन नाही, जाहिरात नाही, आणि मांडवात पाय ठेवायला जागा नाही. धंद्याच्या नाटकात वर्षं काढलेल्या मला त्या रात्री फार बरं वाटलं.

प्रश्न (कोल्हापूर): नाटक बंद पडणं वेगळं, आमचं थिएटरच जळलं. त्याबद्दल कुणी फार बोलत नाही म्हणून लिहिलं.

उत्तर: ८ ऑगस्ट २०२४ ची रात्र. संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह, आणि दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती. शाहू महाराजांनी बांधलेलं, १९१५ पासून उभं, आधी पॅलेस थिएटर म्हणायचे. शेजारी खासबागेचं कुस्तीचं मैदान. दुसऱ्या दिवशीचे फोटो बघताना मला स्टेजचा भाग ओळखूच आला नाही. कोल्हापूरची जुनी कलाकार मंडळी तिथे उभी राहून रडत होती आणि त्यात कुणाला लाजही वाटत नव्हती.

पुनर्बांधणी हाती घेतली गेलीय, पण तुम्ही विचारताय ते मला कळतं. एक मोठं थिएटर गेलं की त्या गावाचा शनिवार-रविवारच दौऱ्याच्या नकाशावरून पुसट होतो. मुंबई-पुण्याची नाटकं कोल्हापूर, सांगली, इचलकरंजी अशी माळ लावून येतात, एका ठिकाणी हॉल नाही म्हटलं की सगळ्या माळेचा खर्च बसत नाही. आणि गावातल्या हौशी संस्था, राज्य नाट्य स्पर्धेची मुलं, त्यांना तर दुसरीकडे जायची ऐपतच नसते. मुंबईत परळचं दामोदर नाट्यगृह, शंभर वर्षांचं, गिरणगावातल्या कोकणी माणसांचं, दशावतारांचं, शक्ती-तुऱ्याचं, २०२३ च्या अखेरीस पुनर्विकासासाठी बंद झालं तेव्हाही हाच प्रश्न होता, की मधल्या वर्षांत ही माणसं कुठे नाटक करणार. त्याचं उत्तर मला कुणाकडूनच मिळालं नाही. तुम्ही लिहीत राहा, आम्ही छापत राहू, आणि जिथे मिळेल त्या हॉलमध्ये तुमच्या गावातल्या पोरांचे प्रयोग लागतील तिथे जात राहा.

प्रश्न (ठाणे): आमच्या आवडत्या एका नाटकाचा शेवटचा प्रयोग पुढच्या रविवारी रात्री साडेआठला आहे, तीन तिकिटं मिळालीत. मुलगी नऊ वर्षांची आहे. तिला न्यावं का? आणि शेवटच्या प्रयोगाला काही वेगळं असतं का?

उत्तर: न्या, नक्की न्या. जाहिरातीत वयाची काही अट लिहिलीय का तेवढं बघा, नसेल तर न्या. अर्धा तास आधी पोचा, कारण अशा दिवशी पार्किंग मिळत नाही आणि तिला तिन्ही घंटा ऐकायला मिळायला हव्यात.

वेगळं असतं. नट रोजच्यापेक्षा थोडे सावकाश बोलतात, वाक्यं सोडवत नाहीत त्यांना. एखाद्या ठिकाणी जिथे रोज हशा येतो तिथे गळा भरून येतो. प्रयोग संपल्यावर पडदा लगेच पडत नाही, लेखक, दिग्दर्शक, कधीकधी जुन्या संचातले, आता दुसरीकडे काम करणारे कलाकारही स्टेजवर येतात, कुणीतरी बोलायला जातं आणि बोलता येत नाही. तेव्हा कृपा करून गाडी काढायची घाई करू नका.

आणि मग मुलीला घेऊन आत जा, रंगपटाकडे, बहुतेक वेळा कुणी अडवत नाही. कलाकारांबरोबर फोटो काढा, जरूर, पण स्टेजवरही एक चक्कर मारा. तिथे तोपर्यंत सेट सुटायला लागलेला असेल, स्क्रू काढायचा आवाज, दोघं जण भिंत आडवी करून उचलतायत, कपडेपटवाल्या मावशी साड्यांच्या घड्या घालतायत. त्यांना नाटक आवडलं म्हणून सांगा. मुलीला सांगायला लावलंत तर अजून चांगलं. आमच्या प्रॉपर्टीच्या काकांना आठ वर्षांत एकदाच एका प्रेक्षकाने येऊन असं सांगितलं होतं, आणि ते मला त्यांनी कमीत कमी दहा वेळा सांगितलंय.